युद्धकालीन दैनंदिनी : भारतीय वैद्यकीय पथक, चीन (१९३८–४३)

युद्ध चालू असताना, त्याचा शेवट ठाऊक नसलेल्या व्यक्तीने दिवसागणिक केलेली लेखी नोंद म्हणजे युद्धकालीन दैनंदिनी होय. मराठीत दैनंदिनीस रोजनिशी व वासरी अशाही संज्ञा आहेत. सेनापतींचे अहवाल, राजकीय दप्तर आणि निवृत्तीनंतर लिहिलेल्या आठवणी यांहून हा लेखनप्रकार वेगळा आहे. अहवालाला अधिकाराची चौकट असते आणि आठवणींना उत्तरकालीन शहाणपणाचा आधार असतो. दैनंदिनीकाराजवळ मात्र त्या त्या दिवसापुरतेच ज्ञान असते. विसाव्या शतकातील अशा नोंदींपैकी ज्या जगभर वाचल्या गेल्या, त्यांतील बऱ्याचशा तरुण वा अल्पवयीन व्यक्तींच्या आहेत. महाराष्ट्राच्या, विशेषतः सोलापूरच्या, दृष्टीने या प्रकारातील महत्त्वाचे उदाहरण म्हणजे १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाच्या नोंदी होत. या पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१०–९ डिसेंबर १९४२) युद्धभूमीवरून परत आले नाहीत. त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू परत आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची दैनंदिनीही आली. कोटणीसांचे जे चित्र आज वाचकांसमोर आहे, ते ही दैनंदिनी, कोटणीसांनी घरी पाठविलेली पत्रे आणि पुढे निर्माण झालेले चरित्र-चित्रपटादी वाङ्‌मय यांतून घडलेले आहे.

पार्श्वभूमी : जुलै १९३७ मध्ये पीकिंगजवळील मार्को पोलो पुलानजीक झालेल्या चकमकीनंतर जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. आठव्या मार्गसेनेचे सेनापती जू-दे यांनी वैद्यकीय साहाय्यासाठी जवाहरलाल नेहरू यांना आवाहन केले. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी चीनसाठी निधी गोळा करण्याची हाक दिली व वैद्यकीय पथक पाठविण्याचे ठरले. पथकात पाच डॉक्टर होते. त्यांचे प्रमुख डॉ. मदनमोहनलाल अटल यांना स्पेनमधील यादवी युद्धात लोकशाहीवादी पक्षाच्या बाजूने वैद्यकीय सेवा केल्याचा अनुभव होता. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू आणि सोलापूरचे कोटणीस हे अन्य चौघे होत. कोटणीस त्या वेळी २७ वर्षांचे होते. बसू त्यांच्याहून वयाने थोडे लहान होते.

कोटणीसांचा जन्म सोलापुरातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले व पदव्युत्तर अभ्यासाची तयारी चालविली होती. त्यांचे गाव मोठे गिरणी-केंद्र होते आणि राजकीय जागृतीचेही स्थान होते. सविनय कायदेभंगाच्या काळात, मे १९३० मध्ये, सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला होता आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांना येरवडा येथे फाशी देण्यात आले होते. स्वतःच्या गावात लष्करी अंमल अनुभवलेल्या पिढीतील हा तरुण होता. परक्या आक्रमणाखाली सापडलेल्या दुसऱ्या देशाविषयीची आस्था त्या पिढीला समजावून सांगावी लागत नव्हती.

पथकाचा प्रवास : पथकाने १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदर सोडले व त्याच महिन्यात ते कँटन (ग्वांगजौ) येथे पोहोचले. तेथे सुन-यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे हँको भागात पथकाने काम सुरू केले. तथापि ऑक्टोबर १९३८ मध्ये कँटन व हँको ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती गेली आणि पथकाला पश्चिमेकडे, प्रथम इचांग व नंतर चुंगकिंग येथे, सरकावे लागले. चुंगकिंगच्या मुक्कामात कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परंतु ते मायदेशी परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक उत्तरेकडील येनान या साम्यवादी पक्षाच्या केंद्रात दाखल झाले. चोळकर व मुखर्जी त्याच वर्षी परतले. अटल, बसू व कोटणीस यांनी आघाडीवर जाणे पतकरले. पुढे प्रकृती बिघडल्याने अटलही परतले आणि दोघेच तरुण मागे राहिले.

चीनमध्ये या डॉक्टरांनी चिनी नावे धारण केली होती व प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ म्हणजे चीन हा शब्द होता. कोटणीस ‘क दि-हुआ’ या नावाने ओळखले जात. ऑगस्ट १९४० मध्ये सुरू झालेल्या, ‘शंभर पलटणींची चढाई’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या मोहिमेत त्यांनी आघाडीलगत जखमींवर अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी १९४१ मध्ये नॉर्मन बेथून या कॅनेडियन शल्यविशारदाच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. बेथून यांचा मृत्यू नोव्हेंबर १९३९ मध्ये, शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून रक्तात विषबाधा पसरून झाला होता. कोटणीस रुग्णालयाबरोबरच तेथील वैद्यकीय विद्यालयात चिनी भाषेतून शिकवीत आणि विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्रावर पाठ्यपुस्तक लिहीत. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी शुश्रूषा-शिक्षिका क्वो छिंग-लान (१९१६–२०१२) यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे ‘यिन-हुआ’ (भारत-चीन) हे नाव सेनापती न्ये रुंग-जन यांनी सुचविले होते. अपस्माराच्या झटक्यांनी ग्रासलेल्या कोटणीसांचे ९ डिसेंबर १९४२ रोजी होपे प्रांतातील एका खेड्यात निधन झाले. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. पाठ्यपुस्तकाचा एक भाग अपूर्णच राहिला.

नोंदींचे स्वरूप : या इतिहासाची समकालीन साधने मुख्यतः दोन प्रकारची आहेत. पहिले साधन म्हणजे कोटणीसांची घरी पाठविलेली पत्रे. त्यांचे थोरले बंधू मंगेश कोटणीस यांनी लिहिलेल्या इंग्रजी चरित्रामागे कुटुंबाजवळच्या या सामग्रीचे पाठबळ आहे. दुसरे साधन म्हणजे बसू यांची दैनंदिनी. तिच्या आधारे पथकाचा वृत्तांत १९८६ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. म्हणजे लेखन आणि प्रकाशन यांत चाळीसहून अधिक वर्षांचे अंतर पडले.

पत्र व दैनंदिनी यांतील भेद येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. पत्राला वाचक असतो आणि तो बहुधा काळजी करणारा असतो. आईस, भावंडांस लिहिताना युद्धभूमीवरील मुलगा संकट सौम्य करून सांगतो, प्रकृती ठीक असल्याचे कळवितो आणि परतीचा विषय पुढच्या पत्रावर ढकलतो. शिवाय जपानी वेढ्यातील सीमाप्रदेशातून निघालेले पत्र पोहोचण्यास इतका विलंब लागे, की वाचणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत त्यातील वर्तमान शिळे झालेले असे. दैनंदिनीस असा कोणी वाचक नसतो. तीत थकवा, कंटाळा, सहकाऱ्यांतील मतभेद, औषधांचा तुटवडा, पायपीट, विमानहल्ल्याची भीती आणि एखाद्या दिवशी काहीच न घडणे यांना सारखेच स्थान मिळते. पत्रातून कुटुंबाला हवा असलेला मुलगा दिसतो, तर दैनंदिनीतून त्या दिवसाचा माणूस दिसतो. कोटणीस समजून घेण्यास दोहोंची गरज आहे.

बसू यांच्या दैनंदिनीस एक मर्यादा आहे व तिच्यातच तिचे प्रामाण्य आहे. १९४० नंतर दोन्ही मित्रांच्या वाटा निराळ्या झाल्या. कोटणीस शान्सी-चाहार-होपे सीमाप्रदेशात राहिले, तर बसू येनानला परतले. त्यामुळे कोटणीसांचा विवाह, अपत्यजन्म व अंतकाळ हे प्रसंग दैनंदिनीकाराने प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. मित्राच्या जीवनातील सर्वांत महत्त्वाच्या दोन वर्षांबद्दल त्याला केवळ दुरून मिळणाऱ्या वार्तांवर विसंबावे लागले. ही उणीव पुढे क्वो छिंग-लान यांच्या आठवणींनी काही अंशी भरून काढली. परंतु त्या आठवणी दीर्घ काळानंतर लिहिल्या गेलेल्या आहेत. एकाच माणसाची ही तीन साधने एकमेकांशेजारी ठेवून वाचली असता प्रत्येकातील मौनाच्या जागा स्पष्ट होतात.

आख्यान आणि नोंद : बसू १९४३ मध्ये भारतात परतले. त्यांच्याकडून मिळालेल्या माहितीवर ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये पथकाची कहाणी पुस्तकरूपाने लिहिली. पाचांपैकी एक परतला नाही, असे सांगणारे तिचे शीर्षकच वाचकाला शेवट कळवून टाकते. तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिरातर्फे १९४६ मध्ये डॉ. कोटनीस की अमर कहानी हा चित्रपट काढला. नायकाची भूमिका स्वतः शांताराम यांनी व छिंग-लान यांची भूमिका जयश्री यांनी केली. चित्रपटात साथीच्या रोगावरील उपचाराच्या शोधास नाट्यपूर्ण महत्त्व देण्यात आले आहे. वास्तवातील कोटणीसांचे काम मुख्यतः शस्त्रक्रिया, अध्यापन व रुग्णालयाची व्यवस्था असे सातत्याचे आणि पुष्कळसे एकसुरी होते व त्यांचा मृत्यू अपस्माराने झाला. या चित्रपटाने कोटणीसांचे नाव घराघरांत पोहोचविले, ही त्याची थोर कामगिरी होय. त्याचबरोबर, त्यांच्याविषयीची सर्वसाधारण वाचकाची कल्पना पुढील कित्येक दशके पडद्यावरील प्रतिमेने ठरविली, हेही खरे आहे.

आख्यानात नायक पहिल्यापासूनच अमर असतो. नोंदीत तो रोज नव्याने राहण्याचा निर्णय घेतो. वडील गेल्याची वार्ता आली तेव्हा, सहकारी परतले तेव्हा आणि झटके येऊ लागले तेव्हा कोटणीसांना परतीचा मार्ग मोकळा होता. दर वेळी त्यांनी राहणे पसंत केले आणि या प्रत्येक वेळी पुढे काय होणार हे त्यांना माहीत नव्हते. शेवट आधीच ठाऊक असलेल्या वाचकास हे निर्णय अटळ वाटू लागतात व त्यांतील कसोटी नाहीशी होते. ती कसोटी वाचकाला परत मिळवून देणे हे अशा नोंदींचे कार्य आहे.

अन्य उदाहरणे : कोटणीसांच्या मृत्यूच्या वर्षीच, म्हणजे १९४२ मध्ये, ॲम्स्टरडॅम येथे ॲन फ्रँक (१९२९–४५) या ज्यू मुलीने तेराव्या वाढदिवशी मिळालेल्या वहीत लिहावयास आरंभ केला. नाझींच्या छळापासून लपून राहिलेल्या कुटुंबातील या मुलीची अखेरची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आहे. तीन दिवसांनी सर्वांना अटक झाली व पुढील वर्षी बेर्गेन-बेल्सेन छळछावणीत तिचा अंत झाला. वाचलेल्या वडिलांनी तिची दैनंदिनी १९४७ मध्ये प्रकाशित केली. वेढलेल्या लेनिनग्राडमधील तान्या साव्हिचेव्हा (१९३०–४४) या मुलीची नोंद तर अवघ्या नऊ पानांची आहे. घरातील एकेका माणसाच्या मृत्यूची तारीख व वेळ एवढेच तीत आहे.

कोटणीसांच्या उदाहरणाशी सर्वाधिक जुळणारी दैनंदिनी व्हिएटनामी डॉक्टर डांग थुय ट्राम (१९४२–७०) यांची आहे. आघाडीवरील रुग्णालयात काम करताना २७ व्या वर्षी त्या मारल्या गेल्या. त्यांची वही एका अमेरिकन सैनिकी अधिकाऱ्याच्या हाती पडली. ती जाळू नये, असे त्याच्या दुभाष्याने सुचविल्यावरून त्याने ती पस्तीस वर्षे जपून ठेवली आणि २००५ मध्ये तिचा मजकूर लेखिकेच्या कुटुंबापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी ती व्हिएटनाममध्ये प्रसिद्ध होऊन अफाट खपली. ॲनची वही मदतनीसांनी उचलून ठेवली, ट्राम यांची शत्रूने राखली आणि बसू यांची त्यांनी स्वतः सांभाळून आणली. दैनंदिनी टिकते ती बहुधा कोणीतरी ती नष्ट न करण्याचे ठरविल्यामुळे, हे या तिन्ही उदाहरणांवरून दिसून येते.

मराठीतील युद्धविषयक प्रत्यक्षदर्शी लेखनात विष्णुभट गोडसे यांचा माझा प्रवास हा ग्रंथ अग्रगण्य आहे. वरसईचे हे तरुण भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात सापडले व झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. तथापि त्यांनी आपला वृत्तांत सुमारे पाव शतकानंतर लिहिला, म्हणून त्यास दैनंदिनी म्हणता येत नाही. घडलेल्या गोष्टींचा क्रम आणि त्यांचे परिणाम ठाऊक असलेल्या माणसाचे ते कथन आहे. दैनंदिनी व आठवणी यांतील फरक समजून घेण्यास मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण नाही.

संपादन व विश्वसनीयता : युद्धकालीन नोंदी वाचकापर्यंत पोहोचताना संपादकांच्या हातांतून जातात. गोडसे यांच्या हस्तलिखिताची चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये काढलेली आवृत्ती फेरफार केलेली होती. मूळ संहितेनुसार आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखाली १९६६ मध्ये निघाली. ॲन फ्रँकने स्वतःच प्रकाशनाच्या हेतूने आपली वही पुन्हा लिहावयास घेतली होती, वडिलांनी काही मजकूर गाळला होता आणि सर्व पाठ शेजारी शेजारी देणारी चिकित्सक आवृत्ती १९८६ मध्ये निघाली. पथकाच्या साधनांनाही हाच नियम लागू आहे. पक्षीय निष्ठा, दोन राष्ट्रांतील मैत्री वा वैर, कुटुंबाची माया आणि काळाचे अंतर यांचा परिणाम प्रकाशित रूपावर होत असतो. म्हणून अशा ग्रंथातील कोणता भाग त्या दिवशी लिहिलेला आहे व कोणता मागाहून जोडलेला आहे, हे पारखून घेणे वाचकाचे कर्तव्य ठरते. ही चिकित्सा लेखकाविषयीचा आदर कमी करीत नाही, उलट त्याचा स्वतःचा आवाज ओळखण्यास ती साहाय्यभूत होते.

चिरस्थायी अर्थ : कोटणीसांच्या स्मृतीवर राजकीय हवामानाचा परिणाम होत आलेला आहे. १९५० नंतरच्या स्नेहाच्या काळात त्यांचे नाव भारत-चीन मैत्रीचे प्रतीक झाले. १९६२ च्या सीमायुद्धानंतर तेच नाव उच्चारणे भारतात अवघड वाटू लागले. पुढे संबंध सुधारल्यावर चीनने १९८२ मध्ये व भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. चीनमध्ये शिज्याज्वांग येथील हुतात्म्यांच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे, तर सोलापुरात त्यांच्या मूळ घराच्या जागी स्मारक आहे. त्यांचा मुलगा यिन-हुआ वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये मरण पावला. प्रतीक म्हणून एखाद्या माणसाचे मोल राष्ट्रांच्या संबंधांनुसार चढते-उतरते. माणूस म्हणून त्याने काय केले, हे मात्र त्या त्या दिवसाच्या नोंदीत स्थिर राहते. जखमी कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या मेजावर उरत नाही. युद्धकालीन नोंदींतील मजकूर दोन्ही देशांतील वाचकांना सारखाच वाचता येतो, याचे कारण हेच आहे.

तरुणांच्या नोंदींना मिळणाऱ्या दीर्घ आयुष्याचे कारण पुष्कळदा केवळ करुणेत शोधले जाते. ते अपुरे आहे. तरुण लेखकाजवळ अद्याप ठरलेले मत, सांभाळावयाची प्रतिष्ठा आणि भूतकाळाचे समर्थन यांचे ओझे नसते. तो स्वतःला घडविण्याच्या अवस्थेत असतो आणि युद्ध हे घडणे अतिशय वेगाने, त्याच्या इच्छेविरुद्धही, पुढे रेटते. मुंबईत पदव्युत्तर परीक्षेची तयारी करणारा तरुण चार वर्षांत परक्या भाषेत अध्यापन करणारा, रुग्णालय चालविणारा, पती व पिता झालेला दिसतो. तेथील साम्यवादी पक्षाचे सदस्यत्वही त्याने जुलै १९४२ मध्ये स्वीकारलेले असते. हा प्रवास एका झेपेत झालेला नाही. शब्दागणिक चिनी शिकत, रुग्णागणिक हात बसवीत तो झाला आहे. समवयस्क वाचकास यातून असा प्रत्यय येतो, की थोर वाटणारे आयुष्य जगणाऱ्याला ते जगताना साध्या दिवसांच्या रूपानेच भेटत असते.

सोलापूरच्या वाचकास या नोंदींचे आणखी एक महत्त्व आहे. गावातील चौकात ज्याचे नाव रोज वाचावयाचे, तो माणूस पुतळ्याच्या वयाचा नव्हता. महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाच्या वयाचा होता. बोटीवर चढताना तो परत येण्याच्या हिशेबानेच निघाला होता. हे ध्यानात ठेवून त्याची पत्रे व त्याच्या मित्राची दैनंदिनी वाचली, म्हणजे स्मारक आणि माणूस यांतील अंतर कमी होते. युद्धकालीन दैनंदिनीचे स्थायी मोल यातच आहे : ज्याचा शेवट आपल्याला माहीत आहे, त्याच्याबरोबर तो माहीत नसलेल्या दिवसांत राहण्याची संधी ती वाचकाला देते.